पर्युषणाआधी डाळ मोजा

भाद्रपद लागला की हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात एकाच गल्लीतल्या दोन स्वयंपाकघरांत दोन तऱ्हांची धावपळ सुरू होते. एका घरी गणपती बसलेले असतात, महालक्ष्म्या येऊ घातलेल्या असतात आणि सोळा भाज्या जमवण्यासाठी बाजाराच्या खेपा चाललेल्या असतात. शेजारच्या जैन घरी नेमकी उलटी आवराआवर. बटाटे संपवून टाकलेले, कोथिंबिरीची जुडी आणायची नाही म्हणून पोराला बजावलेलं, पाण्याच्या हंड्यावर नवं दुहेरी गाळणं बांधलेलं. पुढं अनंत चतुर्दशीला हिंगोलीत चिंतामणी गणपतीच्या मोदकासाठी रांगा लागतात, त्याच दिवशी दिगंबर जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व पूर्ण होतं. श्वेतांबरांचं आठ दिवसांचं पर्युषण त्याआधीच, गणेश चतुर्थीच्या सुमारास येणाऱ्या संवत्सरीला आटोपलेलं असतं.

गोरेगाव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचं उपनगर येतं. हे गोरेगाव ते नव्हे. हे हिंगोलीच्या सेनगाव तालुक्यातलं, मराठवाड्याच्या उत्तर टोकाचं, रिसोडच्या अलीकडचं. या टापूच्या एका अंगाला वाशीम जिल्ह्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, दुसऱ्या अंगाला औंढा तालुक्यात शिरड शहापूरचे मल्लिनाथ. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात जैनांची संख्या 14 लाख होती, देशात सर्वांत जास्त. पण त्यातला मोठा भाग मुंबई, ठाणे, पुण्यात आणि कोल्हापूर-सांगलीकडं. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात जैन घरं थोडी आणि विखुरलेली. त्यामुळं पर्युषणातल्या आहाराबद्दल जे काही छापून येतं, ते मुंबईच्या गोरेगावला धरून असतं. त्यात पनीर असतं, मखाणे असतात, बदामाचं दूध असतं. हिंगोलीच्या गोरेगावात ते सगळं मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी परवडेल असं नाही.

गंमत अशी की त्याची गरजही नाही. शिवारात तूर आहे, हरभरा आहे, ज्वारी आहे, सोयाबीन तर नको तितकं आहे आणि मूग-उडीद ऐन पर्वाच्या तोंडावर काढणीला येतात. अडचण जिनसांची नाही, आखणीची आहे. या दिवसांत काय बंद आहे ते घरातल्या लहान पोरालाही पाठ असतं. बंद झालेल्या जिनसाच्या जागी काय येणार आणि ते कुणाच्या ताटात किती पडणार, हे मात्र कुणी ठरवत नाही. दशलक्षण पर्व ज्या पंचमीला सुरू होतं, तिच्या आधी घरानं एकत्र बसून ते ठरवावं, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. त्यानं व्रताला बाधा येत नाही. पुढं दिसेल की शास्त्रालाही हेच अपेक्षित आहे.

इतर मराठी घरांत उपवास म्हटला की खाण्याची चंगळ ठरलेली. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, भगर, दाण्याची आमटी. एकादशी अन् दुप्पट खाशी हे कुणी उगाच म्हटलेलं नाही. जैन उपवासात यातलं काहीच नाही. तिथं उपवास म्हणजे अन्न पूर्ण वर्ज्य. घ्यायचं तर फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस असेतोवर. काही जण पाणीही सोडतात. त्याच्या अलीकडच्या पायऱ्या बऱ्याच आहेत. एकाशनाला दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं, बियासनाला दोनदा. आयंबिलाला एक वेळ, पण दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि हिरवं यांपैकी काहीही न घेता, नुसतं शिजवलेलं धान्य आणि डाळ. दिगंबर घरांत रसत्याग असतो, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, मीठ आणि गोड या सहांपैकी एक किंवा अधिक सोडायचे. ज्यांनी यातलं काही धरलेलं नाही, त्यांनाही रात्रीचं जेवण नाही आणि कंदमुळं नाहीत. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच दिवशी, प्रत्येकाचं ताट वेगळं. चूल मात्र एक आणि चुलीपुढचं माणूसही बहुधा एकच.

बाहेरच्याला हे नियम नुसती मनाईची यादी वाटतात. आत एक सूत्र आहे. जिवाची हिंसा कमीत कमी व्हावी. कंदमुळात अनंत जीव मानलेले आहेत, शिवाय कंद उपटला की झाडच मरतं. पावसाळ्यात पालेभाजीवर अळ्या असतात. मोड येणं म्हणजे नवा जीव फुटणं, म्हणून कडक नेमाच्या घरी मोड आलेली मटकी चालत नाही. ओलं अन्न रात्रभर ठेवलं की त्यात जीव होतात, म्हणून शिळं नाही आणि रात्रभर आंबवलेलं पीठही नाही. दळलेल्या पिठालाही मर्यादा आहे. दिगंबर परंपरेत ती हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात फक्त तीन दिवस मानतात. कच्चं दही किंवा ताक डाळीच्या पदार्थाशी मिसळलं की तो द्विदलाचा दोष होतो. म्हणून कढी करायची तर ताक आधी उकळून घ्यायचं आणि मग त्याला बेसन लावायचं.

या सूत्राची सर्वांत चांगली साक्ष हिंगोलीच्याच मातीत आहे. हळद हा कंद आहे, आलंही. ओली हळद आणि आलं जैन घरात वर्ज्य, पण वाळलेलं हळकुंड आणि सुंठ चालते, कारण वाळल्यावर त्यात जीव राहिला नाही असं मानतात. ज्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन पर्युषणातल्या वरणातही बिनदिक्कत पडते. नियम पाळणाऱ्यांनी विचार करूनच वाट काढलेली आहे, आणि तोच विचार पोषणालाही लावता येतो.

तो लावावाच लागतो, कारण नेहमीचा आहारसल्ला इथं कुचकामी ठरतो. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता काय सांगतो? रोज पालेभाजी खा, कडधान्यांना मोड आणा, गाजर-बीट खा. वर घरोघरचा सल्ला, रात्री झोपताना दूध प्या. पर्युषणात हे चारही सल्ले एका झटक्यात बाद होतात. आणि बाद झालेल्या गोष्टींच्या जागी बहुतेक घरांत काय येतं, तर तळण आणि गोड. भाजी नाही म्हणून पापड, भाजी नाही म्हणून शेव, भाजी नाही म्हणून पोळीबरोबर साखर-तूप. पोट भरतं. पोषण होतंच असं नाही.

बाजारानं ही फट बरोबर हेरली आहे. पाकिटावर ‘जैन’ असं छापलं की ते देवघराजवळ ठेवण्याइतकं सोवळं झालं, असा समज आहे. तो शिक्का इतकंच सांगतो की आत कांदा, लसूण, बटाटा नाही. तेल किती, मीठ किती, साखर किती, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कच्च्या केळ्याचे वेफर तळलेलेच असतात आणि जैन फरसाण हे शेवटी फरसाणच असतं.

आता थोडा हिशोब. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 मध्ये सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या शाकाहारी ताटात त्यांनी साधारण 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 35 ग्रॅम दाणे व तेलबिया, 300 मिलिलिटर दूध, 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं धरली आहेत. पाच मोठ्या माणसांचं घर आणि दहा दिवस धरले, तर डाळी लागतात सव्वाचार किलो. दाणे, तीळ, जवस, कारळं मिळून पावणेदोन किलो. दूध रोजचं दीड लिटर. एरवी किराण्याच्या यादीत महिन्याची डाळ किती असते ते एकदा काढून बघावं, म्हणजे तफावत कळेल. भाजी बंद असलेल्या दहा दिवसांत हीच डाळ आणखी थोडी वाढवावी लागते, कारण भाजीतून मिळणाऱ्या फोलेटचा आणि तंतूंचा काही भाग आता तिच्याकडूनच वसूल करायचा आहे.

डाळींतून तो वसूल होतो. हरभरा, मूग, चवळी यांत फोलेट चांगलं असतं. ज्वारीच्या कोंड्यासकट पिठात तंतू असतात. दहा तोळे पांढऱ्या तिळांत दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम असतं; दोन चमचे तिळाची चटणी जवळपास अर्धा कप दुधाचं काम करते. ज्यानं दुधाचा रस सोडला आहे त्याच्या ताटात ही चटणी हवीच. जवसाच्या चटणीतून ओमेगा-3 मिळतं. मराठवाड्यात तीळ, जवस, कारळं आणि शेंगदाण्याच्या चटण्या घरोघरी होतात, लसूण वगळली की त्या जशाच्या तशा चालतात. आतापर्यंत त्या ताटाच्या कोपऱ्यात चिमूटभर असायच्या. या दिवसांत त्यांना वाटीत मोजून जागा द्यायची.

एक कमतरता खरी आहे, क जीवनसत्त्वाची. दहा दिवसांत त्यानं कुणी आजारी पडत नाही, शरीरात तेवढी शिल्लक असते. पण डाळीतलं लोह रक्तात नीट उतरायला क लागतं, आणि मोडही बंद, लिंबूही बंद असलेल्या घरी तो मार्ग अरुंद होतो. ज्यांच्याकडं पिकलेली फळं चालतात त्यांनी ती जेवणाबरोबर खावीत. ज्यांच्याकडं चालत नाहीत त्यांनी हिवाळ्यात वाळवून ठेवलेली आवळकाठी बाहेर काढावी; वाळलेल्या आवळ्यात क इतर फळांच्या मानानं चांगलं टिकतं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहातलं टॅनिन लोह अडवतं. एकाशन करणारी बाई जेवण उरकताच ‘आता दिवसभर मिळायचा नाही’ म्हणून चहा घेते, तिथं लोहाचा बराच भाग वाया जातो. चहा घ्यायचाच असेल तर त्याच बैठकीत आधी घ्यावा, त्यातही थोडं अंतर ठेवून.

एका वेळच्या जेवणात पुरेसं पोषण बसतं का? बसवलं तर बऱ्यापैकी बसतं. 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला किलोमागं 0.83 ग्रॅम, म्हणजे सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीच्या दोन मध्यम भाकरींतून साधारण 12 ग्रॅम. वाटीभर घट्ट मुगाच्या वरणातून, 40 ग्रॅम कोरडी डाळ धरून, 9 ते 10. तीस ग्रॅम बेसनाच्या पिठल्यातून 6. चार चमचे शेंगदाण्याच्या चटणीतून 5 आणि पेलाभर दुधातून 8. बेरीज चाळिसाच्या पुढं जाते. तीच बाई पातळ वरण, भात, पापड आणि शिऱ्यावर उठली तर विशीही गाठत नाही. दोन्ही ताटं नियमात बसतात.

पाटवडीचं उदाहरण घ्या. मराठवाड्यात ती एरवी कांद्या-लसणाच्या रश्शात पोहते, पण तिला त्यांची गरज नाही. कढईत चमचाभर तेल, जिरं, भरपूर हिंग, वसमतची हळद, कोरडं तिखट. पाणी उकळलं की बेसन भुरभुरत घाटायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, झाकण ठेवून दणदणीत वाफ काढायची. ताटलीला तेलाचा हात लावून थापायचं, वर कोथिंबिरीऐवजी भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं, मग सुरीनं वड्या. रश्शाला दाटपणा दाण्याच्या कुटानं येतो, वास धणे, दगडफूल आणि सुंठेनं, आंबटपणा आमचुरानं. ज्याला आयंबिल आहे त्याच्यासाठी तेल घालण्याआधीच थोडं पीठ वेगळं घाटून घ्यायचं. एका कढईत दोन व्रतं सांभाळली जातात. येसराची आमटी, डाळफळं, हुलग्याचे शेंगोळे, पाण्यात भिजवलेले ज्वारी-बेसनाचे धपाटे अशी पाच-सहा नावं जोडली की दहा दिवसांचा तक्ता इथंच तयार होतो. मोड चालत नसतील तर मूग सकाळी भिजवावेत आणि दुपारी शिजवावेत. भिजल्यानं ते पचायला सोपे होतात आणि रात्रभर ठेवण्याचा प्रश्नही येत नाही.

सोयाबीनबद्दल एक वेगळं वाक्य लिहायला हवं. हिंगोलीच्या शेतात पावसाळ्यात नजर जाईल तिथं ते असतं आणि तिथल्याच ताटात क्वचित दिसतं. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये 36 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दळण दर तीन दिवसांनी होणारच आहे, तर नऊ भाग गव्हात एक भाग चांगलं भाजलेलं सोयाबीन टाकून दळावं. कच्चं टाकू नये, ते पचत नाही. भाजल्यानं त्यातले पचन अडवणारे घटक निष्प्रभ होतात.

आता वेळ. ऑगस्टअखेरीस या भागात सूर्य सहाच्या थोडा पुढं उगवतो आणि पावणेसातच्या आत मावळतो. नवकारशी पाळणारा सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी तोंडात काही घालतो. म्हणजे चौविहार करणाऱ्याला, सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणाऱ्याला, खाण्यासाठी सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा, असे साडेअकरा तास मिळतात. मोठ्यांना ते पुरतात. पण पाचला शाळेतून येणारं पोरगं आल्याआल्या बिस्किटं खातं, सहाला त्याला भूक नसते आणि आठला असते. त्याचं उत्तर बिस्किटाच्या पुड्यात नाही. शाळेतून आल्यावर थेट जेवणच वाढायचं, आणि साडेसहाला दूध. हिंगोलीला नोकरीला जाणाऱ्या बापानं संध्याकाळचा डबा बरोबर न्यावा. परतीच्या एसटीत सूर्य मावळला तर तो उपाशी झोपतो आणि सकाळी चिडचिड करत उठतो. पाण्याचंही तसंच. रात्री पाणी नसेल तर दिवसा ते ठरवून, थोडं थोडं करत प्यायला हवं. म्हातारी माणसं ते विसरतात. उकळलेलं, गाळलेलं पाणी पिण्याची सवय तर पावसाळ्यात साऱ्या गावानं घ्यावी अशी आहे.

इथून पुढचा भाग जरा अवघड. ताट ठरवताना माणूस आधी बघावा लागतो. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज 600 किलोकॅलरी आणि सुमारे 17 ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला प्रथिनं 22 ग्रॅम जास्त. त्यांनी एकाशन धरलं तर पोटातल्या किंवा अंगावरच्या बाळानंही ते धरल्यासारखं होतं आणि बाळानं कुठलंच पचखाण, म्हणजे त्यागाचा नेम, घेतलेलं नसतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांनी उपवास केला आणि औषध चालू ठेवलं तर साखर एकदम उतरते. औषध बंद केलं तर चढते. दोन्ही निर्णय डॉक्टरांना विचारूनच, पर्वाच्या आठवडाभर आधी. रात्रीच्या गोळीची वेळ संध्याकाळवर आणता येते का, हे विचारलं तर डॉक्टर सांगतात. अनेकदा कुणी विचारतच नाही.

आणि स्वयंपाक करणारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांत रक्तक्षय आढळला, पाच वर्षांखालच्या मुलांत 68.9 टक्के. हे आकडे सगळ्या धर्मांचे, सगळ्या घरांचे आहेत. जैन घर त्यातून आपोआप सुटत नाही. पहाटे उठून पाणी गाळणारी, मंदिरात पूजा करून येणारी, चार जणांची चार ताटं सांभाळणारी बाई स्वतः एकाशन करते आणि त्या एका वेळीही सगळ्यांत शेवटी, उरलेल्यावर जेवते. तिच्या भाकरीवर तिळाची चटणी उरली आहे का, हे कुणी पाहत नाही.

अशा माणसांना सूट द्या म्हटलं की घरातली एखादी वडीलधारी म्हणते, मग तपाला अर्थ काय राहिला? उत्तर शास्त्रातच आहे. जैन धर्मात तप बारा प्रकारचं सांगितलं आहे, सहा बाह्य आणि सहा अंतरंग. अनशन, म्हणजे न खाणं, हा त्यांतला फक्त एक प्रकार. दुसराच प्रकार भुकेपेक्षा कमी खाण्याचा. रस सोडणं हाही एक. अंतरंग तपांत स्वाध्याय आहे आणि वैयावृत्त्य आहे, म्हणजे आजाऱ्याची, थकलेल्याची सेवा. भाद्रपदात दिगंबर घरांत सोळाकारण व्रत चालतं. त्या सोळा भावनांत त्याग आणि तप या दोघांनाही ‘शक्तीप्रमाणे’ अशी अट जोडलेली आहे. ही अट पुढं पळवाट काढणाऱ्यांनी घुसवलेली नाही, ती मूळ यादीतच आहे. बाळंतिणीला दोन वेळा पोटभर वाढणारी सासू त्या दिवशी वैयावृत्त्य करत असते. उपवास करणाऱ्या शेजारणीपेक्षा तिचं तप कमी भरत नाही.

ही अट विसरली की काय होतं, ते 2016 च्या ऑक्टोबरात देशानं पाहिलं. हैदराबादमध्ये तेरा वर्षांच्या एका मुलीचा 68 दिवसांच्या उपवासानंतर मृत्यू झाला. त्याच महिन्यात जपानचे योशिनोरी ओसुमी यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, उपाशी पेशी स्वतःचेच जुने भाग कसे वापरून टाकतात या संशोधनासाठी. तेव्हापासून दर पर्युषणात ओसुमींच्या नावाचे संदेश मोबाईलवर फिरतात, उपवासाला विज्ञानाची मोहर लागली म्हणून. ओसुमींनी तो शोध यीस्टच्या पेशींवर लावला होता. वाढत्या वयाच्या मुलीनं किती दिवस उपाशी राहावं, याचं उत्तर त्यात नाही. व्रताला श्रद्धेचा आधार पुरेसा आहे, त्याला उसन्या नोबेलची गरज नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांनी एका दिवसापलीकडचा उपवास करू नये असं संघानं, मंदिराच्या विश्वस्तांनी आणि चातुर्मासासाठी आलेल्या महाराजांनी जाहीर सांगावं. मुलांनी रात्री जेवण सोडलं, गोड सोडलं, मोबाईल सोडला तरी त्यांच्या शक्तीप्रमाणे ते तपच झालं.

पारण्याकडंही लक्ष हवं. आठ दिवसांची अठाई करणाऱ्याचं पारणं मुगाच्या पाण्यानं करण्याची जुनी रीत फार शहाणपणाची आहे. लांब उपवासानंतर एकदम भरपूर पिष्ट आणि गोड पोटात गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्यानं उतरतं आणि त्याचा ताण हृदयावर येतो. श्वेतांबर परंपरेत भगवान महावीरांचं सर्वांत गाजलेलं पारणंही चंदनबालेच्या हातच्या उकडलेल्या उडदांचं होतं. आज मात्र सत्काराच्या मांडवात तपस्व्याच्या हातात पेढ्याचा बॉक्स येतो आणि नातेवाईक एकेक घास भरवत सुटतात. पहिला दिवस कढण आणि पेज, दुसरा मऊ खिचडी, मग हळूहळू भाकरी. घास भरवायची हौस चौथ्या दिवशी भागवावी.

शाळेचा मुद्दाही यातच येतो. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला दिवसाला 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला 700 आणि 20 मिळणं अपेक्षित आहे. पर्युषणात जैन मूल ती खिचडी कांद्या-बटाट्यामुळं टाळतं आणि पाण्याच्या बाटलीवर दुपार काढतं. घरून डबा देणं हा सोपा उपाय. गुरुजींना आधी सांगितलं तर फोडणीआधी एक छोटं पातेलं बाजूला निघणंही अशक्य नाही. गावच्या शाळेत अशी मुलं मोजकीच असतात.

हे सगळं घडायचं तर पंचमीच्या आधीच्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी अर्धा तास बसावं. कोण काय धरणार, कुणाला डॉक्टरांची ना आहे, कुणाचा डबा किती वाजता, दळण कोणत्या दिवशी, हे कागदावर लिहून ओट्याजवळ चिकटवावं. सव्वाचार किलो डाळ, पावणेदोन किलो तीळ-दाणे-जवस, अर्धा किलो सोयाबीन, हिंग, सुंठ, आवळकाठी एवढी यादी एका फेरीत येते. आणि त्याच कागदावर आणखी एक रकाना असावा. घरातल्या बाईला एकाशन असेल त्या दिवशी ती पहिल्या पंगतीला बसेल आणि वाढायचं काम दुसरं कुणीतरी करेल. पाटवडी थापणं आणि वरण घोटणं पुरुषांना जमत नाही असं नाही. गावातल्या लग्नांत आचारी तेच करतात. दहा दिवसांत दोन दुपारी घरच्या पुरुषानं कढई हातात घेतली, तर डाळ खरोखर किती शिजते आणि कुणाच्या ताटात किती पडते, हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही.